तीन आवर्तनांचे प्रथिन

नोव्हेंबर २००३ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात एका प्रथिनाची रचना प्रसिद्ध झाली. सहा सर्पिले एकमेकांना रेलून उभी, त्यांच्या मधोमध वरून खाली निमुळती होत गेलेली खोल पोकळी, आणि त्या पोकळीत रुतून बसलेले एका वनस्पतीचे विष. ग्रेनोबलच्या एव्हा पेबे-पेरूला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने २.२ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने ती टिपली होती. प्रथिन गाईच्या हृदयातले. नाव एडीपी/एटीपी वाहक, आणि वस्ती तंतुकणिकेच्या आतल्या पटलात. निसर्गातल्या ज्या थोड्या रचना पुन्हा पुन्हा पाहाव्याशा वाटतात त्यांत मी हिची गणना करतो. हे सौंदर्य पहिल्या नजरेत हाती लागत नाही. एखादी कविता वाचावी तसे ते वाचावे लागते: काय परत येते, कुठे परत येत नाही, आणि का.

आधी आशय. पेशीला लागणारी बहुतेक ऊर्जा एटीपीच्या रूपात तंतुकणिकेच्या गाभ्यात तयार होते. ती खर्ची पडते मात्र बाहेर, स्नायूंच्या आकुंचनात, मज्जातंतूंच्या संदेशांत, नवी प्रथिने बांधण्यात. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा दिवसाकाठी सुमारे ४० किलो एटीपी वापरतो, असे जीवरसायनशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. अंगात एका वेळी असते ते अवघे १०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा खर्च होऊन एडीपी बनतो, आत जातो आणि पुन्हा एटीपी होऊन बाहेर पडतो. या येरझाऱ्यांपैकी जवळपास सगळ्या याच एका प्रथिनातून होतात. हे वाक्य वाचताना तुमचे हृदय जे ठोके देते आहे, तेही यातच आले.

आता अडचण पाहा. तंतुकणिकेला दोन पटले असतात. बाहेरच्या पटलात रुंद छिद्रे असलेली प्रथिने आहेत, तिथून लहान रेणू सहज ये-जा करतात. आतल्या पटलाला ही मुभा नाही. त्याच्या दोन बाजूंमध्ये सुमारे १८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब असतो, आतली बाजू ऋण. या दाबाच्या बळावर प्रोटॉन आत येतात, आणि त्यांच्या येण्यातूनच एटीपी घडते. पटलाला गळती लागली तर दाब उतरेल आणि कारखानाच बंद पडेल. तेव्हा वाहकापुढचे काम असे: चार ऋणप्रभार अंगावर वागवणारा, पाण्यात रमणारा, आकाराने मोठा असा एटीपीचा रेणू तेलकट पटलातून पार करायचा, पण त्याच वाटेने एक प्रोटॉनसुद्धा निसटता कामा नये. मोठ्याला वाट द्यायची आणि सर्वांत लहानाला अडवायचे. साधे भोक हे कधीच करू शकणार नाही.

जर्मनीत मार्टिन क्लिंगेनबर्ग, एरिक फाफ आणि हान्स हेल्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले, की ही ये-जा नुसती ये-जा नाही, अदलाबदल आहे. एक एडीपी आत, एक एटीपी बाहेर, नेहमी एकास एक. एडीपीवर तीन ऋणप्रभार असतात, एटीपीवर चार. प्रत्येक फेरीत एक जादा ऋणप्रभार बाहेर जातो, आणि आतली बाजू मुळात ऋण असल्याने विद्युतदाब त्याला बाहेरच ढकलतो. दोन्ही रेणू दोन्ही दिशांनी जाऊ शकत असताना एटीपी बाहेर आणि एडीपी आत असा कल पडतो तो या एका प्रभाराच्या फरकामुळे. वाहक स्वतः एटीपीचा एक रेणूही मोडत नाही.

या प्रथिनाचा अर्थ माणसाला उलगडला तो विषांच्या वाटेने. भूमध्य समुद्राच्या काठाने एक काटेरी वनस्पती उगवते, ॲट्रॅक्टिलिस गुम्मिफेरा. तिच्या मुळांनी उत्तर आफ्रिकेत कितीतरी मुले दगावली आहेत. तिच्यातले विष तंतुकणिकेचा एडीपीशी असलेला व्यवहार थांबवते, हे १९६० च्या दशकात इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी ओळखले. त्याचेच जास्त जहाल भावंड, कार्बॉक्सिॲट्रॅक्टिलोसाइड, आपल्या ओळखीच्या झाडात आहे: पडीक रानात उगवणाऱ्या, काटेरी फळे कपड्यांना आणि मेंढ्यांच्या लोकरीला चिकटवणाऱ्या शंकेश्वरात. त्याच्या बियांत आणि नुकत्याच उगवलेल्या दोन पानांच्या रोपांत हे विष भरलेले असते. झाड मोठे होते तसे ते ओसरते. बांगलादेशातल्या सिल्हेट भागात २००७ मध्ये पुरानंतर अन्नाची टंचाई पडली, तेव्हा लोकांनी ही कोवळी रोपे भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, त्यांतले १९ मेले. गोठ्यात, रानात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे विष जावा बेटावरचे. खोबऱ्याच्या पेंडीपासून आंबवून केलेल्या तिथल्या ‘तेंपे बोंक्रेक’ या खाद्यपदार्थात कधीकधी एक जिवाणू शिरतो आणि बोंक्रेकिक आम्ल तयार करतो. डच शास्त्रज्ञ मेर्टेन्स आणि फान फेन यांनी १९३० च्या दशकात त्याचा छडा लावला. अनेक बळी गेल्यावर १९८८ मध्ये इंडोनेशियाने या पदार्थावर बंदी घातली. दोन्ही विषे एकाच प्रथिनाला धरतात, पण दोन वेगळ्या अवस्थांत. शंकेश्वराचे विष बाहेरून येते आणि वाहक बाहेरच्या बाजूला उघडा असताना त्याला जागीच गोठवते. बोंक्रेकिक आम्ल पटल ओलांडून आत जाते आणि वाहक गाभ्याकडे उघडा असताना त्याला अडकवते. त्यामुळे क्लिंगेनबर्ग आणि ग्रेनोबलचे पिएर व्हिन्ये यांच्यासारख्यांना चित्र हाती येण्याआधीच कळले होते, की या रेणूला दोन मुद्रा आहेत आणि तो एका वेळी एकच धारण करतो.

आता संहितेकडे वळू. १९८२ मध्ये गाईच्या हृदयातल्या वाहकाची २९७ अमिनो आम्लांची साखळी क्रमाने वाचली गेली. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये मॅटी साराष्टे आणि जॉन वॉकर यांनी ती मांडून पाहिली आणि तिच्यात एक आवर्तन ओळखले. साखळीचे सुमारे शंभर-शंभर अमिनो आम्लांचे तीन खंड पडतात आणि हे तीन खंड एकमेकांशी जुळतात. तंतोतंत नव्हे, पण ठरावीक जागी ठरावीक अक्षरे परत येतात. ओवीचे पहिले तीन चरण वाचताना शब्द वेगळे असूनही शेवटी तेच यमक कानावर पडते, तसे हे आहे. बहुधा एके काळी शंभर अमिनो आम्लांचा एकच खंड होता, त्याच्या जनुकाच्या प्रती होऊन त्या एकापुढे एक जोडल्या गेल्या, आणि मग कोट्यवधी वर्षांत प्रत्येक खंड आपापल्या परीने बदलला. जे बदलू दिले गेले नाही ते यमक म्हणून उरले.

हे यमक काय आहे, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक खंडात दोन सर्पिले पटलाच्या आरपार जातात, म्हणजे एकूण सहा. विषम क्रमांकाच्या सर्पिलांत, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्यात, एक प्रोलीन येते. एक अक्षर सोडून एक ऋणप्रभारी आम्ल, अस्पार्टिक किंवा ग्लुटामिक. मग दोन अक्षरे सोडून एक धनप्रभारी, लायसीन किंवा अर्जिनीन. तिन्ही खंडांत हाच क्रम. कागदावर हा नुसता नमुना वाटतो. २००३ च्या रचनेत तो जिवंत होतो. प्रोलीन सर्पिलाला सरळ राहू देत नाही. तिन्ही विषम सर्पिले त्या जागी वाकतात आणि त्यांची खालची टोके पोकळीखाली एकत्र येतात. एकत्र आल्यावर पहिल्या सर्पिलाचा धनप्रभार शेजारच्याच्या ऋणप्रभाराला धरतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि तीन हातांचे कडे पूर्ण होते. पोकळी खालून बंद. प्रोटॉनलाही वाट उरत नाही. बाहेरच्या बाजूला उघडा असलेला वाहक गाभ्याकडे गळत नाही, याचे कारण या तीन पकडींत आहे.

सम क्रमांकाच्या सर्पिलांत, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्यात, वरच्या टोकाजवळ असेच दुसरे यमक आहे. तिथेही ऋण आणि धन प्रभार ठरलेल्या अंतरावर तीनदा येतात. २००३ च्या रचनेत ही अक्षरे एकमेकांपासून लांब, पोकळीच्या तोंडाशी मोकळी पडलेली दिसतात. त्यांचे काम त्या रचनेत नव्हते. एका मुद्रेत ज्यांचा अर्थ लागत नाही, ती अक्षरे तिन्ही खंडांत इतकी काटेकोर का जपली गेली असतील? पुनरुक्ती कारणावाचून टिकत नाही. कुठेतरी दुसरी मुद्रा असलीच पाहिजे, जिथे वरचे कडे जुळते आणि खालचे सुटते.

ॲलन रॉबिन्सन, कॅथरीन ओव्हरी आणि एडमंड कुंजी यांनी २००८ मध्ये जे केले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत रसिक वाचन वाटते. त्यांनी नवे स्फटिक काढले नाहीत. याच घडणीच्या, एकाच कुळातल्या अनेक वाहकांच्या साखळ्या तीन खंडांत एकाखाली एक मांडल्या आणि प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारला: इथे तिन्ही खंडांत तेच अक्षर आहे की नाही? ज्या जागा तिन्ही खंडांत सारख्या होत्या, त्या हालचालीच्या होत्या, उघडण्याच्या आणि मिटण्याच्या; या हालचाली सर्व वाहकांना समान. जिथे साम्य मोडत होते त्या जागा पोकळीच्या मध्यभागी गोळा झालेल्या आढळल्या, आणि त्या प्रत्येक वाहकाच्या मालाप्रमाणे बदलत होत्या. म्हणजे आवर्तनाने यंत्र चालते आणि आवर्तनभंगाने माल ओळखला जातो. माझ्या मते या प्रथिनाचे सारे मर्म इथे आहे. एडीपी किंवा एटीपीला तिहेरी सममिती नाही. ॲडेनीनची चपटी बाजू आणि फॉस्फेटची प्रभारी शेपटी असलेला तो वाकडातिकडा रेणू आहे. त्याला धरायचे तर जागाही तशीच, तीन बाजूंनी वेगवेगळी असावी लागते.

ती जागा कशी आहे? गाईच्या वाहकात लायसीन २२, अर्जिनीन ७९ आणि अर्जिनीन २७९ ही तीन धनप्रभारी अमिनो आम्ले पोकळीत खोलवर फॉस्फेटच्या शेपटीकडे तोंड करून आहेत. ॲडेनीनसाठी टायरोसीन १८६ च्या शेजारी पाण्यापासून आडोसा असलेला खिसा आहे. शिवाय पाचव्या सर्पिलावर सलग तीन अर्जिनीन आणि तीन मेथिओनीन येतात. या कुळात ही सहा अक्षरे म्हणजे एडीपी/एटीपी वाहकाची ओळखच. ती दिसली की साखळी कोणत्या प्राण्याची, बुरशीची किंवा वनस्पतीची असो, वाहक हाच. एकच फॉस्फेट असलेला एएमपी ॲडेनीनचाच सोबती, पण त्याला इथून वाट नाही.

ग्रेनोबलच्या २००३ च्या लेखात एक तर्क होता: पोकळीचे रूप क्षणभर आरपार वाटेत बदलत असावे. माझ्या मते तो तर्क त्या वेळीही खटकण्याजोगा होता. वाट आरपार झाली तर पटलाचा विद्युतदाब सांभाळायचा कसा? पण दुसरी मुद्रा प्रत्यक्ष दिसेपर्यंत नुसत्या आक्षेपाला फारसे वजन नव्हते. ती दिसायला १६ वर्षे लागली. कारण सरळ आहे. शंकेश्वरातल्या विषाने वाहक इतका घट्ट होतो, की पटलातून साबणासारख्या द्रावणात काढल्यावरही तो टिकतो आणि त्याचे स्फटिक बनतात. बोंक्रेकिक आम्लाने धरलेला वाहक इतका सोशिक नाही. केंब्रिजच्या जॉनथन रुप्रेश्ट आणि कुंजी यांच्या गटाने मग उष्णतेत वाढणाऱ्या एका बुरशीचा वाहक घेतला, कारण अशा बुरशीची प्रथिने मुळातच चिवट. ब्रसेल्सच्या गटाकडून उंटाच्या कुळातल्या लामाच्या प्रतिपिंडांपासून केलेले ‘नॅनोबॉडी’ मिळवले, ते वाहकाला चिकटले आणि स्फटिकाला आधार झाला. २०१९ च्या ‘सेल’मध्ये ३.३ अँगस्ट्रॉमची रचना आली. बारकावा कमी, पण प्रश्नाचे उत्तर पूर्ण.

वरचे कडे मिटलेले होते. सम सर्पिलांवरची ती इतकी वर्षे मोकळी पडलेली अक्षरे एकमेकांना धरून होती, खालचे कडे सुटले होते, आणि पोकळी गाभ्याकडे उघडली होती. आरपार वाट कुठेच नव्हती. हालचाल एकाच सर्पिलाची नाही. तिन्ही खंड एकदमच, एकाच रीतीने वळतात. वर मिटायचे तेव्हा सर्पिलांना दाटून बसावे लागते, आणि त्या जागी ग्लायसीनसारखी चिमुकली अमिनो आम्ले तिन्ही खंडांत राखून ठेवलेली सापडतात. पकडीची तिहेरी रचना मुळात अशी, की एक कडे सुटल्याशिवाय दुसरे जुळू नये. एका कड्यातून दुसऱ्या कड्याकडे जाण्याची किंमत कोण देतो, याचे उत्तर क्लिंगेनबर्ग यांनी आधीच सुचवले होते: माल स्वतः. एडीपी किंवा एटीपी मध्ये बसला, की त्याच्या धरण्यातून मिळणारे बळ कडे सोडवायला पुरते. रिकामा वाहक सहजी उलटत नाही. म्हणूनच अदलाबदल, एकतर्फी वाहतूक नव्हे.

हे कार्य एक रेणू एकट्याने करतो. बराच काळ मात्र वाहक जोडीने काम करतात असे मानले जात होते, आणि खुद्द क्लिंगेनबर्गही त्याच मताचे होते. तीन खंडांची रचना वाचता आल्यावर जोडीची गरज उरली नाही.

आणि मेदपटलाचे काय? इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण या प्रथिनावर लिहिणारे बहुतेक जण पटलाला पार्श्वभूमीसारखे वागवतात. तो अन्याय आहे. १९४२ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी गाईच्या हृदयापासून एक मेद वेगळा काढला. हृदयावरूनच त्याचे नाव कार्डिओलिपिन पडले. सिफिलिससाठी आपल्या दवाखान्यांत जी व्हीडीआरएल चाचणी करतात, तिच्यात हाच मेद वापरतात. साध्या फॉस्फोलिपिडला दोन मेदाम्लांच्या शेपट्या असतात, कार्डिओलिपिनला चार, आणि डोक्याशी दोन फॉस्फेट. प्राण्यांच्या पेशींत तो जवळजवळ सगळा तंतुकणिकेच्या आतल्या पटलातच आढळतो. क्लाउस बायर आणि क्लिंगेनबर्ग यांनी १९८५ मध्ये फॉस्फरसच्या चुंबकीय अनुनादाने दाखवले, की वाहकाला कार्डिओलिपिन घट्ट चिकटून येतो, धुतला तरी निघत नाही. पुढे स्फटिकांत तो प्रत्यक्ष दिसला, एका वाहकामागे तीन रेणू, गाभ्याच्या बाजूला, दोन खंडांमधल्या प्रत्येक खाचेत एकेक. त्याची फॉस्फेटे दोन्हीकडच्या सर्पिलांच्या टोकांना धरून आहेत.

तीनच का, हे आता सांगायला नको. पण एवढे म्हणावेसे वाटते, की इथे आवर्तन प्रथिनाच्या हद्दीबाहेर गेले आहे. तीन वेगळे खंड एकत्र वळायचे तर त्यांना सांधणारे काहीतरी हवे, जे घट्ट धरेल पण वळू देईल. अमिनो आम्लांचा पक्का सांधा त्यांना जखडून टाकेल. चार लवचीक शेपट्यांचा मेद हे काम करतो. म्युनिकमध्ये बदललेल्या वाहकांवर केलेल्या प्रयोगांत कार्डिओलिपिनशिवाय वाहतूक होतच नाही, असे दिसले होते. बार्थ सिंड्रोम या दुर्मीळ आजारात कार्डिओलिपिनला अखेरचे रूप देणारे विकर बिघडलेले असते. लहान मुलग्यांचे हृदय आणि स्नायू त्यात दुबळे होतात. हा आजार एकट्या या वाहकामुळे होत नाही, पण प्रथिनाला त्याच्या मेदापासून तोडून वाचता येत नाही, हे त्यातून पुरेसे कळते.

प्रथिनातल्या एका अक्षराचे वजन किती, याचा एक दाखला पुरे. २००० मध्ये ‘सायन्स’मध्ये काही कुटुंबांचा वृत्तान्त आला. त्यांतल्या मोठ्या माणसांच्या पापण्या हळूहळू लवत होत्या आणि डोळ्यांच्या स्नायूंची हालचाल मंदावत होती. कारण निघाले माणसाच्या वाहकातल्या ११४ व्या जागी: ॲलनीनऐवजी प्रोलीन. प्रोलीन हेच ते अक्षर, जे आपल्या जागी आले म्हणजे सर्पिलाला नेमके वाकवते आणि पोकळी मिटवते. त्याच तिसऱ्या सर्पिलात ते भलत्या जागी आले आणि घात झाला.

माणसात या कुळाचे ५३ वाहक आहेत. कुणी फॉस्फेट नेतो, कुणी अमिनो आम्ले. तान्ह्या बाळाच्या तपकिरी चरबीत उष्णता निर्माण करणारा तर मुद्दाम प्रोटॉनला गळू देतो. सगळ्यांची घडण तीच, तीन खंड, तीच यमके. बदलते ती फक्त मधली, मालाला धरणारी जागा.

ही दोन्ही चित्रे प्रोटीन डेटा बँकेत सर्वांसाठी विनामूल्य खुली आहेत. २००३ ची रचना ‘एक-ओ-के-सी’ या खुणेने सापडते, २०१९ ची ‘सहा-जी-सी-आय’ने. मोबाइलवरही ती बोटाने फिरवून पाहता येतात. जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी ती वर्गात एकाशेजारी एक उघडावीत. पहिल्यात वरून खाली डोकावून विष कुठे बसले आहे ते शोधा, मग तीन सर्पिले कुठे वाकतात ते पाहा. दुसऱ्यात वरच्या टोकाशी जा आणि मिटलेले कडे मोजा.